आफ्रिकेत सेमिस्टर किंवा डिग्री करायचीय? विषय निवडण्यापासून क्रेडिट घरी आणेपर्यंत सगळं

हे लिहिताना माझ्या डोळ्यापुढे दोन प्रकारचे विद्यार्थी आहेत. एक म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, पणजी अशा ठिकाणी शिकणारे, ज्यांना एक सेमिस्टर किंवा मास्टर्स बाहेर करायचंय. दुसरे म्हणजे अमेरिका-इंग्लंडमध्ये वाढलेली आपली मराठी पोरं, ज्यांच्या युनिव्हर्सिटीच्या यादीत केप टाऊन, अक्रा (घानाची राजधानी), नैरोबी दिसतं आणि घरून मात्र "अगं त्यापेक्षा स्पेनला जा ना" असं ऐकावं लागतं. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे अर्ज, कोर्सची निवड, क्रेडिटची पत्रं हेच काम करतेय आणि मला अगदी मनापासून वाटतं की आफ्रिकेकडे आपण शिक्षणाची जागा म्हणून बघतच नाही, सफारी किंवा समाजसेवा एवढंच डोक्यात येतं. युगांडाचं मकरेरे विद्यापीठ १९२२ चं आहे, केप टाऊन विद्यापीठाचं मूळ कॉलेज तर १८२९ चं, म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्याही आधीचं.

तर क्रमाने सांगते.

आधी विषय, मग देश

"मला केनियाला जायचंय, तिथे काय शिकता येईल?" असा मेसेज आला की मी उलट विचारते, तू काय शिकतोयस आणि त्यातलं काय असं आहे की जे इथे बसून नीट शिकताच येणार नाही? त्याचं उत्तर मिळालं की देश आपोआप ठरतो. थोडी उदाहरणं देते, यादी पूर्ण नाही, मला जे विषय खरोखर दमदार वाटतात तेवढेच.

शेतीवाले आधी घेते कारण त्यांना हे कुणी सांगतच नाही. राहुरी, दापोली, अकोला, परभणीला कीटकशास्त्र शिकत असाल तर नैरोबीची इसिपे ही संस्था माहीत असायलाच हवी, १९७० मध्ये थॉमस ओधिआम्बो या केनियन शास्त्रज्ञाने उभी केलेली, काम फक्त कीटकांवर. मक्यातल्या खोडकिड्यासाठी तिथे पुश-पुल नावाची पद्धत विकसित झाली, मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम लावायचं ज्याच्या वासाने पतंग दूर जातात, शेताच्या कडेने नेपियर गवत लावायचं जे त्यांना ओढून घेतं, आणि वर डेस्मोडियममुळे स्ट्रायगा हे परजीवी तणही दबतं. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये दिसली आणि भारतात २०१८ मध्ये, म्हणजे आपल्या मक्याचं जे वाटोळं झालं त्याचा अभ्यास तिकडे दोन वर्षं आधी सुरू झाला होता. नैरोबीतच इल्री ही पशुधनावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि वनशेतीवर काम करणारं केंद्र आहे. अशा संस्था डिग्री देत नाहीत पण प्रबंधाच्या कामासाठी आणि इंटर्नशिपसाठी विद्यार्थी घेतात, तेव्हा एमएस्सीचं संशोधनाचं सेमिस्टर तिथे करता येतं का हे तुमच्या गाईडला आत्ताच विचारा.

खगोलशास्त्र म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेला तोड नाही. कारूच्या ओसाड माळावर मीरकॅटच्या ६४ डिश उभ्या आहेत, २०१८ पासून चालू, आणि त्याच जागी एसकेए या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा एक भाग उभा राहतोय. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ती चालवणारी पुण्याची एनसीआरए ही संस्था एसकेएच्या कामात आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्याच सदरलँडच्या सॉल्ट या मोठ्या दुर्बिणीत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था भागीदार आहे. म्हणजे पुण्यात एमएस्सी फिजिक्स करणाऱ्याला ओळखीचा धागा कॅम्पसपासून हाकेच्या अंतरावर मिळू शकतो. केप टाऊनला नॅस्प नावाचा खगोलशास्त्राचा ऑनर्स आणि मास्टर्सचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तो नक्की बघा.

मानववंश आणि पुरातत्त्व, इथे तर प्रश्नच मिटतो. जोहान्सबर्गचं विट्स विद्यापीठ, तिथे १९२४ मध्ये सापडलेली टाउंगची, मानवाच्या प्राचीन पूर्वजाची कवटी ठेवलेली आहे, जवळच स्टर्कफोन्टेनच्या गुहा, आणि २०१५ मध्ये जाहीर झालेला होमो नालेदी, म्हणजे मानवाच्या कुळातली एक नामशेष प्रजाती, त्याच भागातला. केनियात तुर्काना सरोवरापाशी रिचर्ड लीकी यांनी अमेरिकेच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाबरोबर उभी केलेली तुर्काना बेसिन इन्स्टिट्यूट आहे, तिच्या फील्ड स्कूलमध्ये क्रेडिटसकट उत्खनन शिकवतात. डेक्कन कॉलेजमधल्या मुलांनी हे वाचून ठेवा.

पाणी आणि पर्यावरण. २०१८ मध्ये केप टाऊनचे नळ बंद पडायची वेळ आली होती, डे झीरो म्हणून जगभर बातम्या होत्या, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी आपण मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेत होतो. स्थापत्य किंवा पर्यावरण करणाऱ्याला या दोन शहरांची तुलना म्हणजे तयार प्रकल्प आहे. वन्यजीव आणि परिसंस्था हवी असेल तर बोत्स्वाना विद्यापीठाची माउनला असलेली ओकावांगो संशोधन संस्था, नामिबियात वाळवंटाच्या मध्यावर १९६२ पासून चालू असलेलं गोबाबेब केंद्र, युगांडात किबालेच्या जंगलात मकरेरेचं फील्ड स्टेशन. गोबाबेबला धुक्यातून पाणी मिळवणारे किडे आणि झाडं यावर काम चालतं, अशा जागा जगात फार नाहीत.

बाकी भराभर सांगते. अर्थशास्त्र आणि मॅनेजमेंटवाल्यांना केनिया, कारण साध्या फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा तिथे २००७ मध्ये सुरू झाली, आपलं यूपीआय येण्याच्या कितीतरी आधी. इतिहासवाल्यांना डर्बन, क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या वेस्टव्हिल कॅम्पसवरचं गांधी-लुथुली दस्तऐवज केंद्र गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांवर काम करणाऱ्यांसाठी मोठा खजिना आहे. नृत्य, ताल, नाटक यासाठी लेगॉन, म्हणजे अक्रामधलं घाना विद्यापीठ, तिथे ढोलवादनही क्रेडिटसाठी शिकता येतं आणि शिकवणारे अगदी गंभीरपणे शिकवतात. अरबीसाठी कैरोचं अमेरिकन विद्यापीठ, १९१९ चं, किंवा मोरोक्कोत इफ्रानचं अल अखवायन, दोन्हीकडे बाकीचे कोर्स इंग्रजीत मिळतात. स्वाहिलीसाठी दार एस सलाम नाहीतर झांजिबार. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसवर १९७१ पासून आफ्रिकन स्टडीजचं केंद्र आहे, निघायच्या आधी तिथे एकदा जाऊन या, जे प्राध्यापक भेटतील ते खूप मदत करतात.

आणि मराठी साहित्य किंवा भाषाशास्त्र करणाऱ्यांनी मॉरिशस विसरू नका. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या लोकांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथली रोजची भाषा असलेली क्रिओल बोलणाऱ्या मुलांना मराठी कशी शिकवतात यावर आपल्याकडच्या किती जणांनी काम केलंय? मला तरी फार कमी माहीत आहेत.

कुठल्या वाटेने जायचं

विषय ठरला की वाट ठरवायची. एक्स्चेंज ही सगळ्यात स्वस्त वाट, तुमच्या आणि तिकडच्या विद्यापीठाचा करार असतो, फी तुम्ही इथलीच भरता, तिकडे राहण्या-खाण्याचा खर्च तेवढा तुमचा. पण जागा मोजक्या असतात आणि आपल्याकडे बऱ्याच करारांची नुसती फोटोपुरती सही झालेली असते, म्हणून इंटरनॅशनल ऑफिसला थेट विचारा की या करारातून आत्तापर्यंत कुणी गेलंय का, आणि गेलं असेल तर त्याला भेटवून द्या.

करार नसेल तर व्हिजिटिंग किंवा सेमिस्टर स्टडी अब्रॉड विद्यार्थी म्हणून थेट अर्ज करता येतो. केप टाऊन, स्टेलनबॉश, प्रिटोरिया, लेगॉन अशा ठिकाणी याचं वेगळं ऑफिस आहे, फी परदेशी विद्यार्थ्यांच्या दराने असते, पण कोर्स तेच आणि वर्गही तेच, तिथल्या मुलांच्या शेजारी बसून. अमेरिकेत शिकणाऱ्यांना तिसरी वाट असते, एजन्सीमार्फत, सीआयईई किंवा एसआयटी सारख्या. या राहण्याची, विमानतळावरच्या स्वागताची, सहलींची सगळी सोय लावतात आणि त्याचे पैसे घेतात. माझं मत विचाराल तर अशा कार्यक्रमात एकच गोष्ट तपासा, वर्ग स्थानिक विद्यापीठात आहेत का फक्त त्यांच्या स्वतःच्या ग्रुपसाठी आहेत. सगळे वर्ग वेगळे असतील तर तुम्ही चार महिने अक्रामध्ये राहून अमेरिकेतच शिकल्यासारखं होतं. एसआयटीच्या कार्यक्रमात शेवटी महिनाभराचा स्वतंत्र अभ्यास प्रकल्प असतो, तो मात्र चांगला असतो, ज्याला पुढे संशोधन करायचंय त्याने तो जरूर बघावा.

चार-सहा आठवड्यांची फील्ड स्कूल आणि समर स्कूल, हे ज्यांना सेमिस्टर सोडता येत नाही अशा इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी बरं आहे.

पूर्ण डिग्री करणार असाल तर दक्षिण आफ्रिकेची पायऱ्यांची रचना नीट समजून घ्या, इथे बरेच अर्ज अडकतात. तिथे बॅचलर तीन वर्षांचं, मग एक वर्षाचं ऑनर्स, मग मास्टर्स, आणि त्यांच्या पात्रता चौकटीत या पायऱ्या सात, आठ, नऊ अशा मोजल्या जातात, पीएचडी दहा. आपल्याकडची तीन वर्षांची बीए-बीएस्सी असेल तर बहुतेक वेळा आधी ऑनर्स करायला सांगतात. तुमच्याकडे चार वर्षांची पदवी असेल, बीई किंवा नवीन धोरणातली चौथ्या वर्षासकटची, तर थेट मास्टर्सचा विचार होऊ शकतो, पण विभागाकडून ईमेलवर विचारून घ्या, गृहीत धरू नका. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन तिथे साक्वा ही संस्था करते आणि त्याला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, मास्टर्स दोन प्रकारचं असतं. एकात वर्ग असतात आणि छोटा प्रबंध, दुसरं नुसतं प्रबंधाचं, त्यात एकही वर्ग नाही, पहिल्या दिवसापासून तुम्ही आणि तुमचा सुपरवायझर. आपली मुलं ब्रोशर न वाचता दुसऱ्याला अर्ज करतात आणि तिथे पोचल्यावर टाइमटेबल शोधत बसतात. नुसत्या प्रबंधाचं करणार असाल तर अर्जाच्या आधी सुपरवायझर पक्का हवा. त्यांना ईमेल लिहाल तेव्हा अर्ध्या पानात लिहा, त्यांचा कुठला पेपर वाचला, तुमचा प्रश्न काय, तुमच्याकडे कुठलं कौशल्य आहे, आणि खाली मार्कशीट जोडा. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम हार्डवर्किंग" वाल्या पत्राला उत्तर येत नाही.

भारतीय संस्थांचे आफ्रिकेतले कॅम्पस हा अगदी नवा प्रकार आहे. आयआयटी मद्रासचा झांजिबार कॅम्पस २०२३ मध्ये सुरू झाला, कुठल्याही आयआयटीचा देशाबाहेरचा पहिला, तिथे डेटा सायन्स आणि एआयमध्ये बीएस आणि एमटेक आहे. त्याच वर्षी युगांडात जिंजाला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस झाला. किगालीत कार्नेगी मेलनचाही कॅम्पस आहे, इंजिनिअरिंग आणि आयटीच्या मास्टर्ससाठी.

एमबीबीएसबद्दल रोज कुणीतरी विचारतं म्हणून एवढंच, इजिप्त किंवा कुठेही जा, भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे (एनएमसी) २०२१ चे नियम लागू होतात. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीत, आणि तिथे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता. यातलं एक जरी बसत नसेल तर एजंट काहीही सांगो, पैसे भरू नका. जे इथेच मेडिकलला आहेत त्यांना केप टाऊनच्या ग्रूट शूअरसारख्या ठिकाणी, जिथे १९६७ मध्ये माणसाचं पहिलं हृदय प्रत्यारोपण झालं, काही आठवड्यांची इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक प्रशिक्षण, करता येते, त्यासाठी तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी लागते.

कॅलेंडर जुळतं का बघा

दक्षिण आफ्रिकेचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी ते नोव्हेंबर, पहिलं सेमिस्टर जूनपर्यंत, दुसरं जुलैपासून. आपलं विषम सेमिस्टर साधारण जून-जुलैपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतं, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याने तिथलं दुसरं सेमिस्टर घ्यावं, म्हणजे इकडचं एकच सेमिस्टर बुडतं. फेब्रुवारीत गेलात तर तिथली परीक्षा जूनपर्यंत लांबते आणि इकडची पुढची अॅडमिशन, सबमिशन सगळं अंगावर येतं. फक्त एक, जुलैत केप टाऊनला भर हिवाळा आणि पाऊस असतो, घरं गरम करायची सोय क्वचितच असते, स्वेटर इथूनच न्या.

बाकी देशांत कॅलेंडर सरकतं. नायजेरियात २०२२ मध्ये प्राध्यापकांचा संप आठ महिने चालला, घानातही त्याच वर्षी सुरुवातीला संप झाला, दक्षिण आफ्रिकेत २०१५-१६ ला फीवाढीविरुद्धच्या आंदोलनात परीक्षा पुढे गेल्या. यामुळे घाबरून जाऊ नका, पण परतीचं तिकीट बदलता येणारं काढा आणि इकडच्या परीक्षेच्या आधी किमान तीन आठवडे मोकळे ठेवा.

तयारी कधी सुरू करायची? आठ ते दहा महिने आधी. जुलैत जायचं असेल तर आदल्या दिवाळीच्या सुट्टीत कोर्स बघायला लागा.

कोर्सचा कोड वाचायला शिका

विद्यापीठाच्या साइटवर हँडबुक नावाची पीडीएफ असते, प्रत्येक फॅकल्टीची वेगळी, जाडजूड. तीच खरी, बाकी रंगीत पानं जाहिरात असतात. केप टाऊनचा कोड कसा वाचायचा ते सांगते, एकदा कळलं की सगळं सोपं होतं. आधी विभागाची तीन अक्षरं, मग चार आकडे, मग शेवटी एक अक्षर. पहिला आकडा वर्ष सांगतो, १ म्हणजे पहिलं वर्ष, २ म्हणजे दुसरं, ३ म्हणजे तिसरं. शेवटचं अक्षर एफ असेल तर कोर्स पहिल्या सेमिस्टरला, एस असेल तर दुसऱ्या, आणि डब्ल्यू असेल तर वर्षभर. जुलैत जाणाऱ्याने एफ आणि डब्ल्यूकडे बघायचंसुद्धा नाही. खूप जण आवडीचा कोर्स बघून हरखतात, सगळा प्लॅन त्यावर रचतात आणि शेवटी कळतं की तो एफ आहे. घानात लेव्हल १०० ते ४०० अशी मोजणी असते, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे म्हणजे ३००-४००.

वर्ष कुठलं घ्यायचं? माझा सल्ला, दोन कोर्स तुमच्या वर्षाच्या बरोबरीचे, जे इकडे क्रेडिट म्हणून चालतील, एक त्या देशाबद्दलचा, इतिहास, राजकारण, साहित्य काहीही, आणि जमलं तर एक भाषेचा, अगदी प्राथमिक. तिसऱ्या वर्षाचे चार जड कोर्स एकदम घेऊ नका. आणि यादीत हवेत त्यापेक्षा दुप्पट कोर्स लिहा, कारण टाइमटेबल जुळत नाही, जागा भरतात, पूर्वअट आडवी येते, हे हमखास होतं.

क्रेडिटचा हिशोब, हे सगळ्यात महत्त्वाचं

आकडे घेऊन बसा. दक्षिण आफ्रिकेत १ क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे १० तास, त्यात वर्ग, वाचन, असाइनमेंट सगळं धरून, आणि पूर्ण वर्ष १२० क्रेडिटचं, म्हणजे १२०० तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीतही वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेत. म्हणजे तिथले ३ क्रेडिट बरोबर आपला १. युरोपचं वर्ष ६० क्रेडिटचं, म्हणजे तिथले २ बरोबर युरोपचा १. आता समजा तुम्ही २४ क्रेडिटचा एक कोर्स घेतला, तर तो आपल्याकडे ८ क्रेडिटचा झाला पाहिजे. पण आपला परीक्षा विभाग २४ हा आकडा बघून गोंधळतो, किंवा "आमच्याकडे पेपर ४ क्रेडिटचा असतो" म्हणून ४ देऊन मोकळा होतो, आणि तुमचे निम्मे कष्ट वाया. म्हणून हा तासांचा हिशोब एका कागदावर टाइप करून अर्जासोबत जोडा, हँडबुकचं ते पान प्रिंट काढून त्यावर क्रेडिटच्या आकड्याला मार्कर लावा. अमेरिकन युनिव्हर्सिट्या स्वतःचं कोष्टक लावतात, तिथे रजिस्ट्रारकडून ते आधी मागून घ्या.

मग लर्निंग अॅग्रीमेंट. साधा तक्ता असतो, डावीकडे तिथला कोर्स, कोड आणि क्रेडिट, उजवीकडे इकडचा कुठला पेपर त्यामुळे माफ होणार, आणि खाली सह्या. सही विभागप्रमुखांची, प्राचार्यांची किंवा डीनची आणि परीक्षा विभागाची, तिन्ही हव्यात. तोंडी "हो हो, करून घेऊ, जा तू" यावर विमानात बसू नका, विभागप्रमुख बदलतात, आणि नवीन आलेल्यांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. स्वायत्त कॉलेजात हे अभ्यासमंडळातून तुलनेने लवकर होतं, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात फाइल विद्यापीठापर्यंत जाते, तिथे दोन-तीन महिने धरा. आणि तिथे गेल्यावर कोर्स बदलला, जो बदलतोच, तर त्याच आठवड्यात ईमेलवर नवीन तक्ता पाठवून "मंजूर आहे" असं उत्तर मागून घ्या.

क्रेडिट मिळत नसतील तर? तरीही जावं असं मला वाटतं, पण मग वर्ष वाढणार हे घरी आधीच सांगा, नंतर नाही.

तिथले ६२ म्हणजे कमी नव्हेत

केप टाऊनला पास ५० ला, आणि ७५ च्या पुढे पहिला वर्ग. ६० ते ६९ म्हणजे दुसऱ्या वर्गाची खालची पायरी, आणि ती तिथे चांगली मानतात. इकडे नव्वदीत राहणारी मुलगी ६२ बघून रडवेली होते आणि आईबाबांना वाटतं पोरगी फिरत बसली. ट्रान्स्क्रिप्टसोबत तिथल्या ग्रेडिंगची माहिती देणारं पान मागा, बहुतेक ट्रान्स्क्रिप्टच्या मागे छापलेलंच असतं, आणि इकडे जमा करताना ती मागची बाजूही झेरॉक्स करा.

संशोधन करणार असाल तर परवाना

मुलाखती घ्यायच्या, नमुने गोळा करायचे, सर्व्हे करायचा, यासाठी बऱ्याच देशांत सरकारी परवाना लागतो आणि तो स्टुडंट व्हिसापेक्षा वेगळा असतो. केनियात नाकोस्टी, टांझानियात कॉस्टेक, युगांडात यूएनसीएसटी या त्यासाठीच्या संस्था. आधी नैतिकता समितीची मंजुरी, मग हा परवाना, असा क्रम असतो, आणि स्थानिक संस्थेशी जोडलेलं असल्याचं पत्र लागतं. टुरिस्ट म्हणून जाऊन प्रश्नावली भरून आणणं चुकीचं आहे, नियमानेही आणि त्या लोकांच्या दृष्टीनेही, ज्यांच्या आयुष्यावर बाहेरच्यांनी येऊन आधीच भरपूर लिहून ठेवलंय.

पैसे

दक्षिण आफ्रिकेचा रँड पाच रुपयांच्या आसपास धरून चाला, पण परदेशी विद्यार्थ्यांची फी बऱ्याच ठिकाणी डॉलरमध्ये किंवा वेगळ्या दराने असते, म्हणून स्थानिक फीचं पान बघून बजेट करू नका. मास्टर्ससाठी राष्ट्रकुल विद्यापीठ संघटनेची क्वीन एलिझाबेथ कॉमनवेल्थ स्कॉलरशिप जरूर बघा, ती विकसनशील राष्ट्रकुल देशांमधल्या विद्यापीठांसाठी आहे, त्यात आफ्रिकेतले देश असतात, भारतीयांना अर्ज करता येतो, आणि फी, राहणं, विमान सगळं त्यात येतं. आपल्या सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या, पूर्ण डिग्रीसाठी असतात आणि त्यात क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट असते. केप टाऊन अलीकडच्या क्रमवाऱ्यांत पहिल्या २०० मध्ये आहे, हे फार जणांना माहीतच नसतं. त्या वर्षीची जाहिरात आणि त्या वर्षीची क्रमवारी शेजारी ठेवून बघा, मगच अर्ज करा. एका सेमिस्टरसाठी मात्र आपल्याकडे मदत फारशी नाही, एक्स्चेंज मिळवणं हाच खरा उपाय.

व्हिसा, लस

दक्षिण आफ्रिकेच्या स्टडी व्हिसाला अॅडमिशनचं पत्र, पैशाचा पुरावा, डॉक्टरांचा रिपोर्ट, पोलिस क्लिअरन्स, आणि तिथल्याच मान्यताप्राप्त मेडिकल स्कीमचं कव्हर लागतं. इथल्या एजंटने दिलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स त्या जागी चालत नाही, विद्यापीठाने सुचवलेलीच स्कीम घ्या. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढायचं, त्यात पत्ता बदललेला असेल तर वेळ जातो म्हणून हे पहिलं काम.

घाना, केनिया, युगांडा, इथिओपिया अशा देशांसाठी यलो फीव्हरची लस. ती मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, कारण ते परत येताना मुंबई विमानतळावर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, केप टाऊनला गरज नाही, अक्राला आहे.

पोचल्यावरचे पहिले दोन आठवडे

लेक्चरला दोनशे मुलं असतात पण खरा अभ्यास ट्युटोरियलमध्ये होतो, वीसेक जणांचा गट, सगळे त्याला टट म्हणतात, आणि तिथे बोलावं लागतं. आपल्या मुलांना गप्प बसायची सवय असते, ती पहिल्याच आठवड्यात मोडा, चुकलं तरी चालेल. केप टाऊन, क्वाझुलू-नातालसारख्या ठिकाणी डीपी नावाची अट असते, ट्युटोरियलची हजेरी आणि असाइनमेंट पूर्ण नसतील तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. आपल्याकडे टर्म नसल्यावर दंड भरून फॉर्म भरता येतो तसं तिथे होत नाही. प्रत्येक कोर्सच्या आउटलाइनमध्ये डीपीची अट लिहिलेली असते, ती वाचून तारखा फोनमध्ये टाका.

निबंधात दुसऱ्याचं वाक्य उचललं तर तो गंभीर गुन्हा मानतात, संदर्भ कसे द्यायचे हे शिकवायला रायटिंग सेंटर असतं आणि ते फुकट असतं, पहिल्या असाइनमेंटच्या आधीच तिथे जाऊन या. कोर्स बदलायची शेवटची तारीख साधारण दुसऱ्या आठवड्यात असते, तोपर्यंत पाच-सहा वर्गांना बसून बघा. जेवणाचं विचारणाऱ्या शाकाहारी लोकांसाठी, इथिओपियात बुधवार-शुक्रवार उपवासाचे असतात आणि त्या दिवशी सगळीकडे उत्तम शाकाहारी ताट मिळतं, घानात चवळीचं रेड रेड शोधा, मात्र त्यात सुकी मासळी घातली नाही ना ते विचारा.

निघायच्या आधी आणि परत आल्यावर

ट्रान्स्क्रिप्टची फी भरून तीन सीलबंद प्रती मागवा, त्यातल्या दोन थेट तुमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या पत्त्यावर जाऊ देत, एक तुमच्याकडे. प्रत्येक कोर्सची आउटलाइन, वाचनाची यादी, असाइनमेंट, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका यांची पीडीएफ करून ठेवा, कारण सेमिस्टर संपलं की विद्यापीठाचं लॉगिन बंद होतं. फीचा सगळा हिशोब मिटलाय याचं पत्र घ्या, अगदी लायब्ररीचा थोडासा दंड राहिला तरी ट्रान्स्क्रिप्ट अडकते आणि मग इथे बसून रँडमध्ये पैसे भरताना नाकी नऊ येतात. पूर्ण डिग्री केली असेल तर भारतात नोकरी किंवा पुढच्या अॅडमिशनसाठी समकक्षता लागते, इतकी वर्षं ते भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) बघत आलाय आणि २०२५ मध्ये यूजीसीने यासाठी स्वतःचे नवे नियम आणलेत, ते वाचून अर्ज करा. सेमिस्टरवाल्यांनी परत आल्याच्या पहिल्या आठवड्यात सह्या केलेला तक्ता, ट्रान्स्क्रिप्टची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि तासांचा हिशोब असं एकत्र लावून परीक्षा विभागात द्या, आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या, आणि क्रेडिट तुमच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन सोयीच्या) खात्यात दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारा.